उताणं इंजिन

ताईंनी आयुष्यभर लोकांना दात दिले. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्या कवळ्या करायच्या. डॉक्टरांनी पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवला की त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाची हिरडी उभी करायची, तिच्यात एकेक दात रोवायचा आणि सगळं मनासारखं जमलं की मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते शिजवायचं. शेजारीण विचारायची, "ताई, आज काय शिजवलंत?" आणि ताई शांतपणे सांगायच्या, "एक वरची, एक खालची."

वयाने नोकरी सुटली, पण हाताची खोड सुटली नाही. बारीक चिमटे, कोरण्या, पॉलिशचं चाक, अ‍ॅक्रिलिकच्या पावडरीचे डबे हे सगळं त्यांच्याबरोबर घरी आलं आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी उजेडाच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर स्थिरावलं. चष्म्याची काडी, छत्रीची तार, कुणाच्या रेडिओचं बटण, मोडकं काही दिसलं की ताईंच्या बोटांना सुरसुरी यायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "दुसऱ्याच्या जबड्यात इतकी वर्षं डोकावले, पुन्हा घरी कशाला?"

त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे बाळ. टक्कल पडलं, गुडघे कुरकुरायला लागले, पेन्शन सुरू झाली, तरी तो बाळच. नोकरीत असताना तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "माझा भाऊ जन्मभर वरखाली करत राहिला, पोचला कुठेच नाही," असं ताई म्हणायच्या, आणि बाळ म्हणायचा, "पडलो तरी नाही ना." ते खरं होतं. बाळने तपासलेली लिफ्ट कधी अडकली नाही. एकदा बघितलेला ब्रेक तो पुन्हा बघायचा, आणि जिना उतरता उतरता परत वर जाऊन तिसऱ्यांदा बघायचा. बरोबरचे लोक वैतागायचे. बाळ ऐकून घ्यायचा आणि पुन्हा वर जायचा.

निवृत्तीनंतर त्याचा सगळा जीव छोट्या आगगाड्यांत गेला. एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये या मंडळींचं मंडळ होतं. खोलीभर टेबलं, टेबलांवर रूळ, बोगदे, फलाट, मास्तरांनी कागदाच्या लगद्याचे केलेले डोंगर. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक, बाळचे जुने दोस्त. या गाड्यांना कुणी खेळणं म्हटलं तर दोघांनाही सारखाच राग यायचा.

बाळचं स्वतःचं एक इंजिन होतं. तरुणपणी पितळी पत्रा कापून, चाकं जमवून, एका जुन्या मोटारीवर त्याने ते उभं केलं होतं. काळा रंग, वर इवलंसं धुराडं. त्या काळी सगळं सोपं होतं. रुळांत जेवढी वीज सोडाल तेवढं इंजिन पळायचं. पण रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम सुटायची, आणि एकाला थांबवून दुसऱ्याला पळवायचं म्हटलं तर नाकी नऊ यायचे. म्हणून मंडळ डिजिटल झालं. आता रुळांत वीज कायम असते, आणि तिच्यातूनच नियंत्रणाची एक पेटी प्रत्येक इंजिनाला वेगवेगळा हुकूम धाडते. इंजिनाच्या पोटात नखाएवढी पट्टी बसवलेली असते, डिकोडर. हुकूम आपल्या इंजिनासाठी असला तर ती ऐकते आणि मोटार फिरवते.

त्या नखाएवढ्या पट्टीवर मोटार चालवणारा जो भाग असतो, त्याला मंडळात ड्रायव्हर म्हणत. ड्रायव्हर हुशार, पण जिवाने नाजूक. मोटारीचं कुठलंही टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला चिकटलं, की रुळातली वीज आडवाटेने थेट ड्रायव्हरमध्ये घुसते आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत जळतो. मोठ्या पेटीला आपलं आपलं संरक्षण असतं, वीज फार वाहू लागली की ती आपोआप बंद पडते. पण पेटीला जे फार वाटतं ते आणि ड्रायव्हरला जे फार वाटतं ते, यांत हत्ती आणि मुंगीचा फरक. हत्तीला खाजवल्याचंही कळत नाही तोवर मुंगी मेलेली असते.

बाळची बोटं जाड, म्हणून डिकोडरच्या केसाएवढ्या तारा ताई जोडून द्यायच्या. बाकी सगळं बाळ करायचा. मोटारीचं सांगाड्याशी असलेलं जुनं नातं तोडायचं, मध्ये फायबरची चकती घालायची आणि मग मीटर लावायचा. मीटरची एक सुई मोटारीच्या टोकाला, दुसरी चाकाला. मीटर वाजला की समजायचं, कुठेतरी चिकटलंय. मुका राहिला की डिकोडर जोडायला हरकत नाही. एकदा, पुन्हा आणि तिसऱ्यांदा, लिफ्टच्या ब्रेकसारखंच.

पहिल्यांदा इंजिन डिजिटल करून मंडळात नेलं तेव्हा ते हातभर पळालं, एक आचका दिला आणि थांबलं. धुराड्याच्या बुडातून केसाएवढा धूर आला. मास्तर म्हणाले, "वाफेचं इंजिन म्हणतोस ना, मग धूर नको?" सगळे हसले. बाळही हसला. असं एखाद्या वेळी होतं.

दुसरा डिकोडरही जळला तेव्हा बाळ हसला नाही. ताईंच्या टेबलाशी बसून त्याने विचारलं, "ताई, मी मीटर लावला होता का गं?"

"लावला असशील."

"असशील नको. तू बघितलंस?"

ताईंनी बघितलं नव्हतं. त्या तेव्हा पाठमोऱ्या, चहा ओतत होत्या. त्या म्हणाल्या, "तू न लावता राहशील का?" पण बाळला हवं होतं ते हे उत्तर नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

या बहीणभावांच्या मागे एक गोष्ट होती. त्यांचे वडील, आबा, कुलपं दुरुस्त करायचे. भल्याभल्यांच्या तिजोऱ्या त्यांनी उघडून दिल्या होत्या. त्यांचं दुखणं सुरू झालं ते अगदी साध्या गोष्टीने. दुकान बंद करून कोपऱ्यापर्यंत आले की थांबायचे आणि म्हणायचे, "मी कुलूप लावलं का रे?" परत जाऊन बघायचे, लावलेलं असायचं. मग एक दिवस लावलेलं नव्हतं. मग चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. शेवटी शेवटी आबांनी बाळचा हात धरून अगदी सभ्यपणे विचारलं होतं, "तुम्ही कुणाचे चिरंजीव?" त्यावर बाळने सरळ आपल्या वडिलांचं नाव सांगितलं होतं, आणि आबा म्हणाले होते, "भला माणूस होता."

घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. पण बाळ स्वतःवर पाळत ठेवून असतो हे ताईंना ठाऊक होतं. चोरावर पोलिसाने ठेवावी तशी.

तिसऱ्या वेळी बाळने जास्तच सांभाळून सगळं केलं. निदान त्याला तसं वाटलं. मंडळात सगळे जमले होते. इंजिन रुळावर ठेवलं, बटण फिरवलं, आचका, वास, संपलं. पेटी शांतपणे चालूच राहिली, तिला पत्ताही नव्हता. आणि मास्तरांनी, नेहमीच्याच थट्टेने, म्हटलं, "बाळासाहेब, वय झालं आता. तपासायचं विसरत असाल."

बाळने इंजिन खोक्यात ठेवलं. हत्यारांची गुंडाळी करून मास्तरांच्या हातात दिली. "तुमच्याकडे असू दे," म्हणाला आणि जिना उतरून गेला. मास्तरांना वाटलं, रागावलाय, येईल दोन दिवसांत.

तो आलाच नाही. एका सकाळी त्याच्याऐवजी वहिनी ताईंकडे आल्या. वहिनी म्हणजे बाळची बायको. चपळ बाई, तोंडाने फटकळ. पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पर्सचा पट्टा पिरगाळत राहिल्या.

"ताई, यांनी स्कूटरच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. म्हणतात, आता मी चालवणं बरोबर नाही. गॅस बंद केला का, हे मला दहादा विचारतात. आणि..." त्या थांबल्या. "माझ्याकडे बघतात ना, तेव्हा ओठ हलतात. माझं नाव घोकतात मनात. विसरू नये म्हणून."

ताईंनी उगाच टेबलावरचा चिमटा उचलून जागच्या जागी ठेवला.

"डॉक्टरकडे?"

"चला म्हटलं. म्हणाले, त्यांनी तेच सांगितलं तर मी पुढे काय करू? निदान आत्ता मला नक्की माहीत तरी नाही. असं म्हणतात, यावर मी काय बोलणार? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते, लहानपणापासून."

"लहानपणी नाही ऐकलं त्याने कधी. आता ऐकायला लावते." ताई उठल्या. "वहिनी, दुपारी त्याला इंजिनासकट इथे आणा. काय वाटेल ते सांगा, पण आणा."

मग त्यांनी मास्तरांना फोन केला. "मंडळातली ती छोटी पेटी आणि हातभर रूळ घेऊन माझ्याकडे या. बाळची हत्यारंही आणा. आणि थट्टा घरी ठेवून या."

"का, काय झालं?" मास्तरांनी विचारलं. ताईंनी सांगितलं. मग मास्तर म्हणाले, "निघालोच."

बाळ आला तो खोकं छातीशी धरून. मास्तरांना बघून दारातच थबकला.

"ही काय पंचाईत आहे?"

"पंचाईतच आहे," ताई म्हणाल्या. "बस. माझ्याकडे एक डिकोडर उरलाय. तो आमच्यादेखत बसव. जे करशील ते मोठ्याने बोलून कर. काही विसरलास तर मी सांगेन. नाही विसरलास तर तेही सांगेन."

"आणि विसरलो असं निघालं तर?"

"तर निघालं. मग तिघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. माणूस एकटा घाबरला की वेडा होतो."

बाळ उभाच राहिला. वहिनींनी मागून त्याला हळूच कोपर टोचलं. "बसा की. खोकं काय मांडीवर घेऊन उभे राहणार आहात?" मांडीवर घेऊन उभं कसं राहणार, असं बाळच्या चेहऱ्यावर आलं, पण तो बसला.

सुरू करायच्या आधी ताईंनी विचारलं, "हाही जळला तर आपल्याला काहीच कळणार नाही. तो जळू नये म्हणून काही करता येतं का?"

बाळने खांदे उडवले. मग सवयीने, जणू दुसरंच कुणी बोलतंय तसा, म्हणाला, "बल्ब लावायचा. पूर्वी आपण लावायचो. पेटीतून रुळाकडे जाणाऱ्या तारेत स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब. सगळं ठीक असलं तर तो पेटत नाही, किंवा नुसता लालसर होतो. कुठे चिकटलं तर ती सगळी वीज बल्ब खातो आणि भक्कन पेटतो. ड्रायव्हर वाचतो."

"मग सोडलंत का?"

"नवी पेटी आली," मास्तर म्हणाले. "तिला स्वतःचं संरक्षण आहे ना. बल्ब म्हणजे अगदीच खेडवळ दिसायला लागला."

वहिनी बाहेर जाऊन स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब काढून घेऊन आल्या. कसा काढला हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मग बाळने काम सुरू केलं. इंजिनाचं पितळी कवच काढलं. स्पंजात ताईंनीच कधीतरी कोरून दिलेला एक पाळणा होता, त्यात सांगाडा उताणा निजवला, चाकं वर. प्रत्येक गोष्ट तो बोलत होता. सुरुवातीला शाळेत उभं केल्यासारखा, मग हळूहळू आवाज मोकळा होत गेला. "ही मोटार. हा मागचा एकच स्क्रू तिला धरतो. त्याच्याखाली ही फायबरची चकती, म्हणजे मोटार सांगाड्याला लागत नाही. हे मोटारीचं एक टोक, हे दुसरं. मीटर चालू. सुया एकमेकींना लावून बघतो." मीटर वाजला. "म्हणजे मीटर जिवंत आहे. आता हे टोक, हे चाक. गप्प. हे टोक, पलीकडचं चाक. गप्प. आता दुसरं टोक." सगळीकडे गप्प. मग त्याने सगळं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ताईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मान हलवत होते.

ताईंनी तारा जोडल्या. धाग्याएवढ्या, लाल, काळी, केशरी, करडी. त्यांनी थांबून चष्मा पुसला आणि पुढचा टाका घातला.

इंजिन रुळावर उभं केलं. तारेत बल्ब बसला. बाळने बटण अगदी किंचित फिरवलं.

इंजिन हललं नाही. बल्ब भक्कन पेटला.

बाळने बटण मागे घेतलं. बल्ब विझला. तो आपल्या हातांकडे बघत बसला. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं.

"पुन्हा," बाळ म्हणाला. "बघितलंत ना? पुन्हा तेच."

ताईंना मात्र काहीतरी वेगळंच दिसायला लागलं होतं. एखाद्या अंधाऱ्या खोलीचं दार किलकिलं व्हावं तसं. त्या सावकाश म्हणाल्या, "बाळ, तू काय विसरलास?"

"मला काय माहीत. काहीतरी."

"मी बघत होते. मास्तर बघत होते. मास्तर, हा काय विसरला?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले. "तीनतीनदा तपासलंन. मी असतो तर एकदाच तपासलं असतं, तेही चहा पीत."

"ऐकलंस? तू काही विसरला नाहीस, आणि तरी बल्ब पेटला. म्हणजे बल्ब तुझ्या विसरण्याने पेटत नाही. आज नाही, आणि त्या तिन्ही वेळांनाही नाही."

बाळने त्यांच्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे. मग पुन्हा ताईंकडे. त्याला ते समजायला इतका वेळ लागला की ताईंना क्षणभर भीतीच वाटली. मग त्याचे खांदे खाली आले. इतके दिवस ते कानांपाशी चढून बसले होते हे ताईंच्या तेव्हाच लक्षात आलं.

"तिन्ही वेळांना मी मीटर लावला होता," तो म्हणाला.

"लावला होतास."

"मला आठवत होतं तसं. पण माझा माझ्यावरच विश्वास नव्हता."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला. ताईंचा जीव भांड्यात पडला होता, वहिनींनी आपला हातानेच पाडला म्हणायचा.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "बरं, पण मग हा दिवा कशाने पेटतो? भूतबाधा?"

आता बाळ तरतरीत झाला. दोष माणसात नाही, यंत्रात आहे म्हटल्यावर लिफ्टवाला जागा झाला. त्याने इंजिन उचललं, पाळण्यात उताणं निजवलं, मीटर लावला. गप्प. उचलून रुळावर ठेवलं, बटण फिरवलं, बल्ब पेटला. पुन्हा पाळण्यात, गप्प. "मीटर म्हणतो बरोबर, बल्ब म्हणतो चूक. दोघांतला एक खोटारडा आहे."

ताई त्याच्या हातांची ही उलथापालथ बघत होत्या. त्यांना एकदम दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर आठवले. नव्याने कामाला लागल्या तेव्हाची गोष्ट. एक कवळी साच्यावर सुरेख बसायची, खुर्चीत आडव्या पेशंटच्या तोंडातही सुरेख बसायची, आणि तो घरी जाऊन जेवायला बसला की टोचायची. डॉक्टरांनी त्यांना बोलावून दाखवलं होतं. माणूस आडवा झाला की खालचा जबडा मागे सरकतो. चाव बघायचा तर त्याला सरळ बसवून बघा, जेवायला कुणी आडवा पडत नाही.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तू त्याला निजवून विचारतोस. निजलेला माणूस कशाला तक्रार करेल? उभा ठेवून विचार."

बाळचा हात हवेतच थांबला. मग त्याने सांगाडा चाकांवर उभा केला, जसा तो रुळावर उभा राहतो तसा, आणि वाकून, मान वाकडी करून, खालून एक सुई चाकाला आणि वरून दुसरी सुई मोटारीच्या टोकाला लावली.

मीटर वाजला.

त्याने सांगाडा उलटा केला. गप्प. सुलटा केला. वाजला. उलटा, गप्प. सुलटा, वाजला. बाळ हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग त्याला ठसका लागला आणि मास्तरांनी पाठीत गुद्दे घातले. "अरे, हळू. मास्तरकी अजून गेली नाही तुमची," बाळ खोकत म्हणाला.

कारण उघडं होतं, एकदा दिसल्यावर. स्क्रूखालची फायबरची चकती तेलाने भिजून पापडासारखी चेपली होती. इंजिन उताणं असलं की मोटार आपल्याच वजनाने सांगाड्यापासून दूर लोंबायची आणि सगळं ठीक दिसायचं. उभं केलं की ती केसभर खाली बसायची, आणि तिच्या पोटाखालची पितळी पट्टी, म्हणजे मोटारीचंच एक टोक, सांगाड्याला टेकायची. जुन्या पद्धतीत ती टेकलेलीच असे, तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"आणि मंडळात सगळे उताणंच तपासतात," मास्तर म्हणाले. "मी तर जन्मात इंजिन उभं ठेवून मीटर लावलेला नाही. पाळणाच तसा आहे. आमचे जळले नाहीत ते आमच्या अकलेने नाही, आमची इंजिनं विकतची म्हणून." ते थोडं थांबले. "बाळ, त्या दिवशी मी जे म्हणालो..."

"वय झालंय असं म्हणालात. ते तर झालंच आहे. गुडघ्यांना विचारा."

"तसं नव्हे रे."

"कळलं मला. बसा आता, चहा घ्या. माझी हत्यारं मात्र परत द्या."

चकती नवी हवी होती. ताईंनी डबा उघडला, चिमूटभर पावडर, दोन थेंब द्रव, आणि काचेवर कवळीच्या हिरडीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक थापलं. ते घट्ट झाल्यावर त्यातून एक चकती कापली, मधोमध भोक पाडलं, चाकावर गुळगुळीत केली, ओठांना लावून कड तपासली. ही सवय त्यांना कधी सोडता आली नव्हती. मोटारीच्या पोटाखालीही त्याच पदार्थाचा एक पातळ तुकडा बसवला.

"काळ्या इंजिनाला गुलाबी हिरड्या," वहिनी वाकून बघत म्हणाल्या. "आता दात तेवढे लावा, म्हणजे तुमच्या भावाला चावून तरी घरी धाडेल वेळेवर."

उभं ठेवून मीटर लावला. गप्प. उताणं, गप्प. आडवं, गप्प. बाळने सांगाडा जरा झटकून पुन्हा लावला. गप्प. मग सगळे रुळाभोवती जमले. बाळने बटणावर हात ठेवला आणि काढला.

"ताई, तू फिरव."

"तुझं इंजिन, तू फिरव."

त्याने फिरवलं. बल्ब काळाच राहिला. इंजिन किंचित थरथरलं, मग चाकांचे दांडे सावकाश वर गेले, खाली आले, आणि ते हातभर रुळावर मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. टोकाशी येताच बाळने ते उलटं फिरवलं. परत आलं. पुन्हा पाठवलं. कितीतरी वेळ ते एवढ्याशा रुळावर येरझाऱ्या घालत होतं आणि चार मोठी माणसं त्याच्याकडे बघत होती. मास्तरांचा चहा गार झाला.

जाताना वहिनी दारात रेंगाळल्या. मनातलं बोलू की नको अशा. शेवटी ताईच बोलल्या. "बाळ, डॉक्टरांकडे तरीही जायचं."

बाळने पायात चपला सरकवता सरकवता वर बघितलं.

"जाऊ की," तो म्हणाला. "आता जाऊ. दोष नसताना तपासायला कसली भीती. असला तर उभा ठेवून शोधतील."

"दोन नंबर लावा," ताई म्हणाल्या. "एक माझा."

"तुझा कशाला?" बाळने विचारलं. आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं. आबा ताईंचेही होते. ताई त्याच्याहून मोठ्या होत्या. इतक्या दिवसांत ताईंनाही कधी विचारावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो परत आत आला, चपलांसकट, आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसला. "कधीपासून?"

"मागच्या वर्षी दुधाचं भांडं गॅसवर ठेवून फिरायला गेले. जळलं. तेव्हापासून. कुणाला सांगितलं नाही."

"दूध सगळ्यांचंच जळतं, ताई."

"डिकोडरही कुणाचेही जळतात. तू कुठे ऐकत होतास?"

दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. मध्यमवयीन, मऊ बोलणारी बाई होती. तिने कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, शब्द सांगून नंतर परत विचारले, शंभरातून सात सात उणे करायला लावले. बाळने ते इतक्या सफाईने केलं की तिने विचारलं, शिक्षक होतात का. "लिफ्ट दुरुस्त करायचो," तो म्हणाला. "खाली यायची सवय आहे." ताईंना पाचातला एक शब्द आठवला नाही आणि त्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरीण म्हणाली की या वयात एखादा निसटतो, मला स्वतःलाही निसटतो. वयाच्या मानाने दोघांचंही उत्तम आहे, वर्षातून एकदा दाखवत राहा, आणि हे जे काय बारीक काम करता ते सोडू नका.

बाहेर वहिनी बाकावर बसल्या होत्या. दोघांचे चेहरे बघून त्या उठल्या आणि पर्समधून स्कूटरच्या किल्ल्या काढून नवऱ्याच्या हातात ठेवल्या.

"घरी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दोघी व्हा पुढे. मी मंडळात जाऊन येतो. मास्तर त्यांचं नवं इंजिन मला तपासायला देणार आहेत. स्वतःहून म्हणाले."

"जेवायला?"

बाळने आधीच काढता पाय घेतला होता. वहिनींनी त्याच्या पाठीकडे बघून कपाळावर हात मारला. "झालं सुरू यांचं. बघा, ताई. चार दिवस घरात होते तर घर कसं भरल्यासारखं वाटत होतं." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की ताईंना हसू आलं.

घरी येऊन ताई दुपारच्या जराशा पडल्या. निसटलेला तो शब्द त्या मनात शोधत होत्या. फळाचं नाव होतं की फुलाचं, हेही आठवेना. मग त्यांनी तो नाद सोडला, कूस बदलली, आणि शेजारीण दार ठोठावेपर्यंत त्यांना गाढ झोप लागली.